पुठ्ठा गिरणीतला डांबरी उन्हाळा

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मामांनी मुलीकडच्यांना सांगितलं, ‘‘मुलगा कागदाच्या कारखान्यात केमिस्ट आहे.’’ यात खोटं काही नव्हतं, पण खरंही बेताचंच होतं. सासरे पक्के गृहस्थ. एक दिवस न कळवता भंडारा रोडनं सायकल मारत ते गिरणीवर आले, तर त्यांचा होणारा जावई रद्दीच्या ढिगावर पालथा पडून आतला एक गठ्ठा ओढत होता. त्यांनी मलाच विचारलं, ‘‘केमिस्ट कुठं बसतात?’’ मी म्हटलं, ‘‘बसत नाहीत.’’ तरीही त्यांनी मुलगी दिली, हे त्यांचे उपकार. बायको मात्र अजूनही पाहुण्यांना ‘हे रद्दीत होते’ असंच सांगते आणि मी आता दुरुस्त करायला जात नाही.

आमची गिरणी नागपूरच्या पारडीच्या पुढं, मौद्याकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. पत्र्याच्या तीन शेड, एक मोठी विहीर आणि पाठीमागे आठ-दहा एकरांचं उघडं मैदान. आता तिथं लॉन झालं आहे, लग्नं लागतात. मी साठच्या दशकाच्या शेवटी तिथं लागलो आणि माझ्या उमेदीची सगळी वर्षं तिथंच गेली. आम्ही पुठ्ठा करायचो. वहीचं कव्हर, रजिस्टरचा जाड गत्ता, बुटांचा डबा, संत्रा बर्फीचा डबा, कचेरीतली फाइल, या सगळ्यांच्या पोटात जो करडा, ओबडधोबड पुठ्ठा असतो तो. वरून रंगीत कागद चिकटवला की त्याच्याकडे कोणी बघत नाही.

मालक मौद्याकडचे धानाचे शेतकरी. त्यांचं नाव गणपतराव, पण सगळे त्यांना नुसतं ‘मालक’ म्हणत. धान काढल्यावर उरलेल्या तणसीचा पुठ्ठा करायचा, हा त्यांचा मूळ बेत. तो वर्षभरात बुडाला. तणस चुन्यात शिजवायला भट्टी लागते, भट्टीला कोळसा लागतो, आणि त्या वासानं पारडीची अर्धी वस्ती काठ्या घेऊन फाटकाशी आली होती. मालक मला नंतर सांगायचे, ‘‘तणस गुरानं खाल्ली तं शेण तरी भेटते गा. मह्या मशिनीनं खाल्ली तं नुसतं पाणी भेटलं.’’ मग ते रद्दीकडे वळले. छापखान्यांची कात्रणं, कापडगिरण्यांचे सुताचे कोन आणि वेष्टनं, हिंगण्याच्या नव्या औद्योगिक वसाहतीतले फाटके खोके. ज्यांना हा माल टाकून द्यायचा होता त्यांच्याकडून आम्ही तो घेत होतो.

धंदा समजायला सोपा आहे. रद्दी निवडायची आणि बीटरमध्ये टाकायची. बीटर म्हणजे एक लांबट हौद, त्यात पात्यांचं जड चाक फिरतं आणि कागदाचा पाण्यात लगदा होतो. हा लगदा पातळ करून फिरत्या जाळीवर घेतला की त्याचा ओला पापुद्रा तयार होतो. तो लोकरीच्या एका रुंद पट्ट्यावर चढतो आणि पुढं एका रुळाला गुंडाळला जातो. या पट्ट्याला आम्ही फेल्ट म्हणायचो. पापुद्र्यावर पापुद्रा बसून हवी तेवढी जाडी झाली की कापून घ्यायचं, दाबून पाणी काढायचं आणि वाळवायचं.

खरी मेख या वाळवण्यात आहे. मोठ्या गिरण्या वाफेवर वाळवतात आणि वाफ फुकट मिळत नाही. आमच्याकडे नागपूरचं ऊन होतं. ज्या उन्हाला आलेला-गेलेला माणूस शिव्या देतो, त्याच उन्हाच्या जोरावर आमची गिरणी उभी होती. नवतपा लागला, म्हणजे मे अखेरीचे ते नऊ भाजणारे दिवस, की सकाळी मैदानात पसरलेला ओला पुठ्ठा दुपारच्या जेवणाआधी खडखडीत वाळायचा. गाव खिडक्यांना खसाच्या ताट्या लावून आत बसायचं आणि आम्ही डोक्याला दुपट्टा बांधून पुठ्ठे उलटायचो. पावसाळ्यात चार महिने वाळवण बंद. त्यामुळं उन्हाळ्यात जेवढा माल थप्प्या रचून गंजीला लागेल त्यावर पावसाळा काढायचा. उन्हाळा हुकला तर गिरणी बसली, हे शेतीइतकंच सरळ होतं.

आणि सगळ्यात आधी निवडाई. ती शेवंताबाई आणि त्यांच्या पंधरा बायांकडे होती. बहुतेक पारडीच्याच, दोघी-तिघी कुहीकडून रोवणी-कापणी आटोपली की येणाऱ्या. शेवंताबाई तेव्हा चाळिशीच्या असतील. ठेंगणी बांधणी, तंबाखूची चंची कमरेला, आणि बोलण्यात कुणाची भीडभाड नाही. छप्पन साली त्यांच्या घरानं धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर वस्तीतल्या रात्रीच्या वर्गात त्या मोठ्या वयात लिहा-वाचायला शिकल्या होत्या, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता.

एकदा एका परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिका आमच्याकडे लगदा करायला आल्या. सोबत एक अधिकारी. त्यांना वरून हुकूम होता की शेवटचा कागद पाण्यात जाईपर्यंत हलायचं नाही. ते छत्री उघडून बीटरशेजारी स्टुलावर बसले. पत्र्याखाली छत्री कशाला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. गठ्ठे सुटायला लागले तसे त्यांनी घाबरून विचारलं, ‘‘या बायांपैकी कोणाला वाचता येत नाही ना?’’ शेवंताबाई म्हणाल्या, ‘‘मले येते. पण साहेब, तुमच्या पोट्ट्याहिचं अक्षर कोणाले वाचता येते?’’ साहेबांनी छत्री मिटली आणि संध्याकाळपर्यंत तेही पेपरातल्या पिना काढत बसले.

निवडाई म्हणजे नुसता कचरा बाजूला काढणं, असं मला वाटायचं. माझ्याजवळ पदविका होती ना! शेवंताबाई गठ्ठा उघडायच्या, मधूनच एक कागद ओढायच्या, कानाजवळ नेऊन आधी उभा फाडायच्या, मग आडवा. आवाज ऐकायच्या, फाटलेली कड उजेडात धरायच्या आणि कागद कुठल्या ढिगात जायचा ते बोलायच्याही नाहीत, फेकायच्या. पांढरी कात्रणं एका ढिगात. ती आम्ही दुसऱ्या गिरणीला चांगल्या भावानं विकायचो. तपकिरी खोके दुसऱ्या ढिगात, ते पुठ्ठ्याला बळ देतात. मेणकागद, कार्बन कागद, डिंकाच्या पाठीच्या वह्या बाहेर. आणि सगळ्यात आधी बाहेर डांबरी कागद. यंत्रांना ओल लागू नये म्हणून दोन तपकिरी कागदांच्या मध्ये डांबराचा पातळ थर देऊन हा कागद करतात. वरून पाहिलं तर साधा तपकिरी कागद. फाडला तरच कडेला काळी रेघ दिसते, आणि तीही नीट फाडला तर.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मोठ्या गिरण्यांचा पुठ्ठा रेल्वेनं नागपुरात यायला लागला. आमच्यापेक्षा गुळगुळीत, आणि दरात जवळजवळ बरोबरीचा. मालकांनी मला बोलावलं. म्हणाले, ‘‘ठोंबरे, आपलं हे परवडते का नाही, एकदा कागदावर मांडून दाखवा.’’ मी आठवडाभर बसून मांडलं. रद्दी स्वस्त, पाणी विहिरीचं, ऊन देवाचं. खर्च कुठं दिसत होता तर सोळा बायांच्या निवडाईत. मी लिहिलं की निवडाई बंद करावी, हिंगण्याकडचा सरमिसळ माल न निवडता आणखी स्वस्तात घ्यावा आणि बीटरनंतर एक बारीक गाळणी बसवावी. अक्षर सुंदर होतं माझं. खाली तांबड्या शाईनं दोन रेघाही मारल्या होत्या.

पांढरी कात्रणं विकून गिरणीला जे मिळत होतं ते त्याच बायांच्या हातातून निघत होतं. मातीमोल रद्दीला भाव त्यांच्या निवडीमुळं येत होता. मी त्यांना खर्चात धरलं. एवढी ढोबळ चूक करायला शिकलेलाच माणूस लागतो.

मालकांना ते पटलं. गाळणी बसली आणि मार्चमध्ये मी बायांना सांगितलं की उद्यापासून काम नाही. शेवंताबाईंनी चंची बांधली, जाताना गाळणीपाशी थांबल्या. म्हणाल्या, ‘‘साहेब, हे गाळणं पिना धरीन, सुतळी धरीन. डांबर कसं धरीन?’’ मी म्हटलं, ‘‘बाई, ते शास्त्र आहे. तुम्ही काळजी करू नका.’’ हे वाक्य मला आजही झोपू देत नाही.

डांबर गाळणीत अडकत नाही. बीटरमध्ये त्याचे तिळाएवढे कण होतात आणि लगद्याबरोबर सुखानं पुढं जातात. एप्रिलमध्ये पुठ्ठ्यावर काळे ठिपके दिसायला लागले. मी मालकांना सांगितलं की वरून कागद चिकटतो, ठिपके कोण बघतो? मे उजाडला, ऊन चढलं. मैदानात तापलेला पुठ्ठा आम्ही नेहमीप्रमाणं उचलून गंजी लावल्या. दुसऱ्या दिवशी गंजी सुटेनात. डांबर पाझरून एका पुठ्ठ्याला दुसरा चिकटला होता, चिक्कीच्या वड्या चिकटतात तसा. पहार लावली तर पुठ्ठा फाटत होता.

त्याच आठवड्यात पांडुरंगजी आले. हे नागपुरातल्या महाल भागातले बाइंडर, आमचे सगळ्यात जुने आणि सगळ्यात खवट गिऱ्हाईक. पुठ्ठा घेताना आधी बोटानं टकटक करून ऐकायचे, मग कोपरा दातानं चावून बघायचे, आणि चावलेला पुठ्ठा मोजणीत धरू द्यायचे नाहीत. शाळा उघडायच्या तोंडावर त्यांच्याकडं रजिस्टरांचं काम जोरात असायचं. ते सायकलरिक्षा भरून पुठ्ठा परत घेऊन आले होते. वर एक बांधून झालेलं रजिस्टर. त्याच्या पांढऱ्या अस्तरातून काळे डाग फुटून आले होते.

‘‘साहेब,’’ ते म्हणाले, ‘‘मी पुठ्ठा मांगतला होता. तुमी मले सडक देल्ली.’’

मी काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, ‘‘तीस वर्षं धंदा करून राहिलो, पण दाताले डांबर पह्यल्यांदा लागलं.’’ आणि रिक्षा तिथंच रिकामी करून निघून गेले.

दोन दिवसांनी फेल्ट तुंबलं. लोकरीत डांबर भरलं, पाणी झिरपेना, ओला पापुद्रा चढेना. यंत्र थांबलं. नवं फेल्ट मुंबईहून यायचं म्हणजे पावसाळाच उजाडणार. मालक माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मैदानाकडं बघत म्हणाले, ‘‘गंजीले माल नाही, पाऊस महिन्यावर आला. नवतप्यात मशीन चालली तं ठीक, नाही तं भंगारात काढू. मले आपला धानच बरा.’’ तेव्हा गिरणीत आम्ही तीसेक माणसं होतो. त्या सगळ्यांच्या चुली माझ्या दोन तांबड्या रेघांनी विझायला आल्या होत्या.

मी आणि मशीनवरचे दोघं मिळून फेल्ट काढलं आणि रॉकेलनं धुवायला बसलो. लाकडी पट्टीनं खरवडायचं, रॉकेल ओतायचं, साबणाच्या पाण्यानं पुसायचं, की पुन्हा पहिल्यापासून. पाच दिवस लागले. हातांची सालटं गेली, पण फेल्ट कामापुरतं सुटलं. फेल्ट धुता येतं. पुन्हा तोच माल आत गेला तर आठ दिवसांत ते पुन्हा तुंबणार, हेही मला कळत होतं. निवडाईशिवाय मार्ग नव्हता. मालक म्हणाले, ‘‘घरी तुमीच बसवलं, आता तुमीच जा.’’

शेवंताबाई पारडीत आपल्या ओट्यावर विड्या वळत बसल्या होत्या. शेजारी आणखी चार बाया, सगळ्या आमच्याच. मला बघून कुणाचा हात थांबला नाही.

‘‘काहून आले साहेब?’’

‘‘बाई, चुकलं माझं.’’

‘‘ते पांडुरंगजीनं सांगतलं. सगळ्या बाजारात सांगतलं.’’

मी उभाच होतो. बसा म्हणावं असं माझं काही राहिलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, फेल्टचं, गंजीचं, मालकांचं. म्हटलं, ‘‘तुम्ही आल्या नाहीत तर गिरणी बंद होईल.’’

‘‘मंग? आमच्यासाठी तं मार्चमंदीच बंद झाली.’’

विडीचं पुढचं पान घेत त्याच म्हणाल्या, ‘‘मी या बायाहिले काय सांगू? एक डाव घरी बसवलं. उद्या अजून एखांदा कागद लिहान, अन् अजून बसवान.’’

‘‘नाही बसवणार.’’

‘‘हे तुमी सांगून राहिले. तोंडानं सांगाले काय जाते?’’ त्यांनी वळलेली विडी सुपात टाकली. ‘‘आयका. मी ज्या गठ्ठ्याले नाही म्हणन, तो बीटरमंदी जाणार नाही. तुमाले पटो का न पटो. मालकाले पटो का न पटो. काहून म्हणून विचाराचं नाही.’’

‘‘कबूल.’’

‘‘इतक्या लौकर कबूल नोका करू. मालकाले इचारून या.’’

मालकांना विचारलं तर ते उसळले. ‘‘गिरणी माही, अन् नाही म्हणाचं तिनं?’’ मग विहिरीपर्यंत जाऊन परत आले. ‘‘बरं. पण एक गठ्ठा जरी फालतू अडवला तं मी मानणार नाही.’’ हा दुसरा भाग मी शेवंताबाईंना सांगितला नाही.

नवतप्याच्या पहिल्या दिवशी सकाळी शेवंताबाई आल्या. एकट्याच. मी त्यांच्या मागं रस्त्यावर नजर टाकली. रस्त्यावर कोणी नव्हतं.

‘‘बाकीच्या?’’

‘‘पाहू,’’ एवढंच बोलून त्या शेडमध्ये गेल्या.

एका बाईच्या हातानं बीटरचं पोट भरत नाही. पंधरा जणी आल्या नाहीत तर नवतपा असाच जाणार होता. तरी सुरुवात तर करायला हवी होती. मालकांनी स्वतः सौदा करून कापडगिरणीच्या वेष्टनांचे दहा-बारा गठ्ठे आणले होते, तपकिरी, कोरडे, दिसायला देखणे. शेवंताबाई एकेक उघडत गेल्या. ओढ, उभा फाड, आडवा फाड, ऐक, कड उजेडात धर. चालेल. चालेल. हाही चालेल. सातव्या गठ्ठ्यावर त्यांनी हात ठेवला.

‘‘हा नाही.’’

मालक तिथंच उभे होते. ‘‘काहून नाही? एकाच घरचा माल आहे सगळा.’’

‘‘नाही म्हटलं ना.’’

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्या गठ्ठ्यातून एक कागद ओढला, फाडला. कड स्वच्छ. दुसरा, तिसरा, पाचवा. कुठं काळी रेघ नाही, मेण नाही, डिंक नाही. माझी पदविका मला खडसावून सांगत होती की माल चोख आहे. यंत्र वाट बघत होतं, मैदान तापत होतं, आणि मालक डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडं बघत होते. ‘बाई, जरा पुन्हा पाहा’ एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं, असंही मनात येऊन गेलं. शेवंताबाई पुढचा गठ्ठा सोडत होत्या, माझ्याकडं पाठ करून.

मी म्हटलं, ‘‘बाजूला काढा तो.’’

‘‘ठोंबरे!’’ मालक म्हणाले.

‘‘बाई नाही म्हणाल्या मालक. आपलं ठरलंय.’’

मालक ताडताड फाटकाकडं निघून गेले. माझी नोकरी संध्याकाळपर्यंत तरी टिकते का, याचा मी अंदाज बांधत राहिलो.

दुपारी जेवण झाल्यावर मी शेडमध्ये आलो, तर शेवंताबाई बाजूला काढलेला तोच गठ्ठा मांडीजवळ घेऊन सोडत होत्या आणि कागद चांगल्या ढिगात टाकत होत्या.

‘‘बाई, हा तर नाही म्हणाल्या होत्या तुम्ही.’’

‘‘चांगला आहे हा. सकाळीच पायला मी.’’

‘‘मग नाही का म्हणालात?’’

त्यांनी हातातला कागद उभा फाडला, आडवा फाडला आणि ढिगात टाकला. मग पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

‘‘खराब गठ्ठ्याले नाही म्हटलं अस्तं तं कोणीबी आयकलं अस्तं साहेब. मले पाह्यचं होतं, तुमी आयकता का नाही.’’

त्यांनी पदर खोचला आणि पुढचा गठ्ठा ओढला.

‘‘उद्या बाया येतीन,’’ त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पारडीच्या बाजूनं गलका ऐकू आला तेव्हा मी चहा तसाच टाकून फाटकाशी धावलो. पंधराही येत होत्या.